बाजूच्याला कळत नाही

माझे सासरे झोपेत गेले आणि त्या दिवसापासून सासूबाईंची झोप गेली. यातली पहिली गोष्ट लोकांना फार आवडली. भेटायला येणारा प्रत्येकजण सोफ्यावर टेकायचा, चेहरा पाडायचा, पाण्याचा घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "सोन्यासारखं मरण हो! ना दुखणं ना खुपणं. बाजूच्या माणसालासुद्धा कळलं नाही."

बाजूचं माणूस समोरच्या खुर्चीत बसलेलं असायचं. पण भेटायला येणाऱ्यांची एक गंमत असते, त्यांना गेलेला माणूस दिसतो, राहिलेला दिसत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई तर हे वाक्य बोलायला दोनदा आल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा नवऱ्याला आणलं नव्हतं म्हणे. दुसऱ्यांदा त्याला सोबत आणून त्याच्यासमोर म्हणाल्या, "यांनासुद्धा असंच येऊ दे." तो बिचारा चहा न पिताच उठला.

सासूबाई प्रत्येकाला मान डोलवून उत्तर द्यायच्या. एरवी त्या कोणाचं ऐकून घेणाऱ्यांतल्या नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांना सवय नाही, जे असेल ते तोंडावर. पण या एका वाक्यापुढे त्या मूग गिळून बसायच्या आणि मला वाटायचं, दुःखाने बसतात. मी तरी वेगळी कुठे होते? मी चहा टाकत होते.

आमचं गाद्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी उभं केलं, माझ्या नवऱ्याने वाढवलं आणि मी सांभाळते. सांभाळते म्हणजे काउंटरवर बसते, माल आला की मोजून घेते आणि नवरा गिऱ्हाईकाशी जास्त बोलायला लागला की खोकते. दुकानात मधोमध एका पलंगावर आमची सगळ्यात चांगली गादी मांडलेली आहे. तिचं नाव 'निवांत'. मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'एकाने कूस बदलली तरी बाजूच्याला कळत नाही.' हे वाक्य सासऱ्यांचं. त्याचा त्यांना इतका अभिमान होता, की नातवंडांच्या बारशाला नावं सुचवतानासुद्धा त्यांनी इतका विचार केला नव्हता.

हे सिद्ध करायची आमची एक रीत आहे. गादीच्या उशाकडच्या कोपऱ्यात पाण्याने भरलेला काचेचा पेला ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला नवऱ्याने बूट काढून उड्या मारायच्या. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस गादीवर धपाधप उड्या मारतोय आणि पेल्यातलं पाणी ढिम्म. गिऱ्हाईक तिथेच खिशात हात घालतं. आता घरचीच गोष्ट म्हणून सांगते, त्या कोपऱ्यात खोळीच्या आत एक फळी सरकवलेली आहे. फळीखाली दोन विटा आहेत. पेला गादीवर नसतोच, विटांवर असतो. गादी वाईट आहे असं नाही, चांगलीच आहे. पण गादी ती गादी. कोणी हललं की हलणार. एवढं सासऱ्यांना ठाऊक होतं, नवऱ्याला ठाऊक होतं आणि मला. सासूबाईंना नव्हतं. सासऱ्यांनी त्यांना उभ्या जन्मात दुकानातलं एकच गुपित सांगितलं नाही, ते हे. बायकोने आपल्याला लबाड म्हणू नये असं प्रत्येक नवऱ्याला वाटतं.

गेल्या वर्षी सासऱ्यांनी घरातली कापसाची गादी काढून तिथे 'निवांत' आणली. सासूबाईंनी चार दिवस अबोला धरला. ती जुनी गादी मध्ये इतकी दबली होती, की दोघं दोन कडांना झोपायचे आणि सकाळी मध्यभागी एकमेकांवर खेकसत उठायचे. "दुकानदारच कापसावर झोपला तर गिऱ्हाईकाने कुठे झोपायचं?" असं सासरे म्हणाले आणि विषय संपला.

त्याच 'निवांत'वर ते गेले.

सासूबाईंच्या डोळ्याला डोळा लागत नाही, हे आमच्या लक्षात आलं तेव्हा घरातला प्रत्येकजण कामाला लागला. नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी निदान केलं. "हा गादीचा प्रश्न आहे," तो म्हणाला. त्याला पोटदुखीसुद्धा गादीचाच प्रश्न वाटते. मग आमच्या घरात गाद्यांची वरात सुरू झाली. कडक झाली, मऊ झाली, वरून मऊ आणि आतून कडक झाली, पाठदुखीवाल्यांसाठीची झाली. टेम्पोवाल्याला आमचा जिना पाठ झाला. सासूबाई प्रत्येक गादीवर हात फिरवायच्या, "छान आहे" म्हणायच्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसायच्या.

नणंद दुसऱ्या शहरात असते. ती एका तपासणी केंद्रात रक्त काढायचं काम करते, त्यामुळे आपण निम्म्या डॉक्टर आहोत असा तिचा समज आहे आणि उरलेलं निम्मं ती फोनवरून भरून काढते. उंटावरून शेळ्या हाकण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. झोपायच्या आधी आईचे पाय गरम पाण्यात ठेव, आईला दूध दे, दूध नको देऊ, खोलीत अंधार कर, आईला अंधारात एकटं ठेवू नकोस. शेवटी तिने मनगटावर बांधायचं एक घड्याळ पाठवलं. माणूस किती झोपला, किती गाढ झोपला हे ते मोजतं आणि थेट नणंदेच्या फोनवर कळवतं.

चार दिवसांनी तिचा आनंदाने ओथंबलेला फोन आला. "वहिनी, आई उत्तम झोपते! गाढ झोप! माझ्यापेक्षा जास्त!"

मी सासूबाईंकडे पाहिलं. डोळे लाल, त्यांच्याखाली काळी वर्तुळं. खुर्चीत बसून त्या रात्रभर इतक्या निश्चल असायच्या, की घड्याळाने त्यांना झोपेचं प्रशस्तिपत्र देऊन टाकलं होतं.

"ताई, त्या झोपत नाहीत. नुसत्या बसून असतात," मी म्हटलं.

"वहिनी, मशीन खोटं बोलत नाही," नणंद म्हणाली. त्याच दिवशी तिने सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं, की आई आता सावरली.

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर सासऱ्यांच्याच वयाचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि एक मोठी जांभई दिली. "या वयात झोप कमीच होते," ते म्हणाले. "जोडीदार गेल्यावर तर फारच. मनाला लावून घेऊ नका." मग गोळ्या लिहून देताना आणखी एक जांभई दिली. बाहेर पडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्यांनाच दे त्या गोळ्या." आणि खरोखर एकही घेतली नाही. मी रागावले तर म्हणाल्या, "गोळी घेऊन मी ढाराढूर झोपले आणि घरात कोणाला काही झालं तर?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण त्या सुमारास मी स्वतःच वैतागले होते. कारण सासूबाई नुसत्या जागत नव्हत्या, आम्हालाही झोपू देत नव्हत्या. रविवारी दुपारी नवरा सोफ्यावर आडवा झाला, की त्या हळूच येऊन त्याच्या नाकाशी हात धरायच्या. श्वास लागला तरी समाधान नाही, खांदा हलवून विचारायच्या, "जागा आहेस ना?"

"आता आहे," नवरा म्हणायचा.

माझी मुलगी अभ्यास करता करता टेबलावर डोकं ठेवून झोपली, तिला उठवलं. मी भाजी निवडता निवडता डोळे मिटले, मला उठवलं. वरच्या बाईंचा नवरा एकदा आमच्याकडे पेपर वाचता वाचता पेंगला, तर त्याला असं गदागदा हलवलं, की बिचारा "मी जिवंत आहे, जिवंत आहे" म्हणत उठला. सगळ्या घरादाराच्या झोपेचं खोबरं झालं. गाद्या विकणारं कुटुंब आम्ही, आणि काउंटरवर बसून एकमेकांच्या जांभया मोजत होतो.

हे सगळं मी एक वेळ सहन केलं असतं. पण नवऱ्याने दुकानात जे सुरू केलं ते मला सहन होईना.

पहिल्यांदा ते त्याच्या तोंडून सहज निघालं असावं. एका गिऱ्हाईकाने विचारलं, वडील दिसत नाहीत? नवऱ्याने सांगितलं. गिऱ्हाईक हळहळलं आणि दोन गाद्या घेऊन गेलं. झालं. विकणाऱ्या माणसाच्या जिभेला एकदा चव लागली की ती सुटत नाही. आठवडाभरात त्याचं वाक्य घासूनपुसून तयार झालं. "वडील गेले ते याच गादीवर. इतके शांत, की बाजूला आई झोपली होती, तिला कळलंसुद्धा नाही."

मी खोकले. तो थांबला नाही. मी इतकी खोकले, की गिऱ्हाईकानेच मला पाणी आणून दिलं. घरी गेल्यावर मी त्याला धारेवर धरलं. "लाज नाही वाटत? बापाचं मरण विकताय?"

"मी काय खोटं बोलतो का?" तो म्हणाला. "सगळे हेच म्हणतात. आईसमोरच म्हणतात." थोड्या वेळाने म्हणाला, "आणि अगं, ते बोललं की मला बरं वाटतं. वाटतं, त्यांना त्रास नाही झाला." माणूस लोभी आहे म्हणून रागवावं, तर आतून तो रडत असतो. अशा माणसाशी नीट भांडताही येत नाही.

मग एके दिवशी सकाळी दुकानात एक जोडपं आलं. लग्न ठरलेल्या मुलासाठी गादी बघत होते. बाई चौकस होत्या, शिवण तपासत होत्या, खोळ उलटी करून बघत होत्या. मी मनात म्हटलं, देवा, यांनी कोपऱ्यात हात घालू नये. नवऱ्याने बूट काढले, पेला भरून आणला आणि उड्या मारायच्या आधी ते वाक्य सुरू केलं. "वडील गेले ते याच गादीवर. इतके शांत, की बाजूला आई झोपली होती…"

आणि दारात सासूबाई उभ्या होत्या. नवरा घरी विसरलेला चष्मा त्यांच्या हातात होता.

मला वाटलं, आता भडका उडणार. नवऱ्यालाही वाटलं असावं, कारण तो एका पायात मोजा, एका पायात नाही असा गादीजवळ खांबासारखा उभा राहिला. सासूबाई चालत आत आल्या. चष्मा काउंटरवर ठेवला. गादीवर तळवा टेकवून दाबला.

"हे खरं आहे का रे?" त्यांनी विचारलं.

"काय, आई?"

"भिंतीवर लिहिलंय ते. बाजूच्याला कळत नाही."

दुकानदार तो दुकानदार. आई विचारत असो की कलेक्टर, उत्तर ठरलेलं. "शंभर टक्के!" तो म्हणाला आणि पेला कोपऱ्यात ठेवायला वाकला.

"पाणी राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "पाण्याला काय कळतंय. माणसाला कळतं का, ते बघायचंय मला."

त्यांनी चपला काढल्या, पलंगाला वळसा घातला आणि पलीकडच्या बाजूला, आमच्याकडे पाठ करून कुशीवर निजल्या. अशा भर दुकानात, परक्या माणसांसमोर. "मी अशीच होते," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "सूनबाई, तू त्यांच्या जागी झोप."

"आई, लोक आहेत," मी म्हटलं.

"असू दे लोक. त्यांनाही गादी घ्यायचीच आहे." मग त्या बोलायला लागल्या. आवाज अगदी साधा, जणू दूधवाल्याचा हिशेब सांगताहेत. "जो येतो तो म्हणतो, बाजूच्याला कळलं नाही. पण का नाही कळलं, हे कोणी सांगत नाही. त्यांनी हात हलवला असेल. मला उठवायला बघितलं असेल. गादीनेच कळू दिलं नसेल, तर मी काय करणार? पण गादी हलली असेल आणि मीच मेली कुंभकर्णासारखी पडून राहिले असेन, तर…"

"आई, डॉक्टर म्हणाले ना, एका क्षणात झालं," नवरा पेला हातात धरूनच म्हणाला.

"डॉक्टर होते का तिथे? मी होते."

मी सासऱ्यांच्या जागी आडवी झाले. इतक्या वर्षांत या गादीवर मी लोकांना झोपवलं, स्वतः पहिल्यांदाच झोपत होते. पाठ टेकते न टेकते तोच मला सासूबाईंचा श्वास जाणवला. प्रत्येक श्वासाला गादी अगदी थोडी उचलली जात होती आणि खाली बसत होती. माझ्या पाठीला ते लख्ख कळत होतं. फळी होती ती फक्त कोपऱ्यात. पेल्यासाठी होती, बायकोसाठी नव्हती.

मी हलले असते तर त्यांना कळलं असतं. आणि मग त्या जन्मात झोपल्या नसत्या.

"हाल," सासूबाई म्हणाल्या.

मी दगडासारखी पडून राहिले.

"हललीस?"

"हलले की. कूस बदलली."

"मला काही कळलं नाही." मग म्हणाल्या, "जोरात हाल. माणूस तडफडतो तशी."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता. फळीचं त्याला ठाऊकच होतं, आता माझंही समजलं होतं. मी बोटसुद्धा न हलवता दम लागल्यासारखे दोन-चार उसासे टाकले. आयुष्यात कधी नाटकात काम केलं नाही, पण त्या वेळी बरं जमलं. "लाथा झाडल्या, आई. हात आपटले. पलंग मोडेल आता."

"खरंच?"

"अहो, पण या कुठे हलल्या…" पायथ्याशी उभ्या असलेल्या त्या चौकस बाईंनी तोंड उघडलं.

माझ्या नवऱ्याने आजवर एकही गिऱ्हाईक चहाशिवाय सोडलेलं नाही. एकदा चुकून शिरलेल्या टपालवाल्यालाही त्याने उशी विकली होती. तो माणूस पेला तिथेच जमिनीवर ठेवून त्या बाईंच्या आडवा आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दुकान बंद झालं."

"पण आम्हाला हीच गादी…"

"ही विकायची नाही."

"आत्ता तर तुम्ही म्हणत होता, हिच्यासारखी गादी…"

"मी काहीही म्हणतो," नवरा म्हणाला. त्याने हात जोडले. दोघांना दारापर्यंत नेलं, बाहेर सोडलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. त्याने ते इतकं हळू ओढलं, की एरवी सगळ्या गल्लीला ऐकू जाणारं ते शटर कुरकुरलंसुद्धा नाही.

"गेले का ते?" सासूबाईंनी विचारलं.

"गेले. दुसरीकडे बघतो म्हणाले."

"बघू दे." मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्याकडून काही राहिलं नाही."

"नाही हो, आई. काही राहिलं नाही."

"मी सांगत होते त्यांना, कापसाची काढू नका. काय वाईट होतं त्या गादीत? माणूस हललं की कळायचं. पण माझं ऐकतील तर शपथ. दुकानदार म्हणे. गिऱ्हाईक काय म्हणेल म्हणे." त्या चिडल्या होत्या. सासरे गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्यावर चिडल्या होत्या, आणि तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. "सगळं आयुष्य असंच. मी एक म्हणायची, ते दुसरं करायचे. तो पंखा घेतला तेव्हाही मी म्हटलं होतं… म्हटलं होतं, की हा…"

पंख्याचं काय झालं ते त्यांनी सांगितलंच नाही. श्वास लांबला, जड झाला. टाच एकदा झटकन हलली, ती माझ्या कमरेला कळली. मग त्या झोपल्या. भर सकाळी, अर्ध्या शटरच्या दुकानात, तसल्याच 'निवांत'वर.

माझा हात अंगाखाली अडकला होता. त्याला मुंग्या आल्या, मग तो बधिर झाला. आणि अशा वेळी मला सासरे आठवले. मी या घरात आले तेव्हा मला हिशेब येत नाही म्हणून सगळे हसायचे, त्यांनी एकट्याने मला काउंटरवर बसवलं होतं आणि चुकले तरी उठवलं नव्हतं. ते गेले तेव्हा मी रडलेच नाही. रडायला येणाऱ्यांसाठी चहा करत होते. आता ते रडू आलं. हुंदका द्यायचा तर खांदे हलणार. मी ओठ दाताखाली धरले आणि पाणी डोळ्यांच्या कडांनी कानात जाऊ दिलं.

काउंटरवर नवऱ्याचा फोन थरथरायला लागला. नणंद असणार. घड्याळाने तिला काय कळवलं असेल, देव जाणे. नवऱ्याने धावत जाऊन फोन बंद केला, परत आला आणि सवयीने पलंगाच्या कडेला टेकायला गेला. मी डोळे वटारले तसा तो चपापला. मग पलंगाला पाठ लावून खाली फरशीवरच बसला, तोंडावर हात दाबून. त्याचा बाप गेला होता. हे इतक्या दिवसांत मला त्याच्याकडे बघून कळलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले, माझ्याकडे वळून पाहिलं आणि खुणेनेच विचारलं, उठतेस का? पांघरूण घालतो तिच्यावर, तू हळूच उठ.

मी डोळ्यांनीच नाही म्हटलं. मी उठले असते तर त्यांना कळलं असतं.